दुर्गाबाईंनी ताणून दिलं

चिंचवडच्या गावठाणात दुर्गाबाईंना पाठीमागे सगळेच दीपमाळ म्हणत. तोंडावर म्हणायची छाती मात्र एकट्या शालनबाईंची. त्या पडल्या धाकट्या जाऊबाई, आणि मधे फक्त एक कुडाची भिंत.

"आमच्या आक्का म्हंजी देवळाम्होरची दीपमाळ," शालनबाई आल्यागेल्याला सांगत. "वाकायचं न्हाई, बसायचं न्हाई. नुसतं उभं ऱ्हायाचं."

दुर्गाबाई हसून घेत. करतात काय? गोष्ट खरीच होती.

मुळात ही बाई अशी नव्हती हो. माहेर मारुंजीचं. पोरवयात चिंचेच्या शेंड्यावर चढून बसायची, आणि नागपंचमीला बसफुगडी घालायला लागली की समोरची दमून उठायची, ही आपली भिंगरीसारखी चालूच. लग्न होऊन चिंचवडला आली तेव्हा पहाटे जातं, मग पवनेवरून पाणी, मग शेण, मग शेत. अंग कसं वेताच्या छडीगत होतं. मग देवानं सुख दिलं. गावात पिठाची गिरणी आली. दुर्गाबाईंनी गिरणीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि घरी येऊन जातं कोपऱ्यात ढकललं. पाठोपाठ दारात आड खणला, त्यावर रहाट बसला, नदीचा चढ सुटला. लेक हौसा हाताशी आली, तिनं झाडलोट उचलली. सुख अंगी लागलं ते असं लागलं, की अंग वळेचना! आधी कंबर धरली, मग गुडघे, मग मान. जेवायच्या त्या बाजेवर बसून. खाली बसल्या तर उठवायला दोघं लागत, आणि ते दोघं धापा टाकत. मोरयाच्या दर्शनाला रोज जात, पण उंबऱ्यावर डोकं टेकणं सुटलं होतं. उभ्या उभ्याच हात जोडून म्हणत, "देवा, तूच जरा वर बघ."

आणि अशात हौसाचं लग्न ठरलं.

स्थळ चाकणचं, कांद्याच्या वखारीवाल्यांचं. नवरा मुलगा चिमाजी, दिसायला नेटका, बोलायला थोडका. सुपारी फुटली, साखर वाटली, आणि पाव्हणे उंबऱ्याबाहेर पडतात न पडतात तोच शालनबाई पदर खोचून म्हणाल्या, "आक्का, एक काळजी सोडा. कन्यादानाला आमी बसू."

दुर्गाबाईंच्या हातातली साखरेची वाटी तिथंच थांबली. "का? आमी काय मेलो?"

"मरायला काय झालं! पर बसाल का? पाटावर बसायचंय, मांडी घालून. भटजी काय उभ्यानं कन्यादान लावतोय का? बसला आन् मधीच कळ आली, तर पाव्हण्यांदेखत उचलायचं का तुमाला, धान्याच्या पोत्यावानी?"

दुर्गाबाईंचे मालक दौलतराव तिथंच सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "शालन म्हनतीय त्यात खोट न्हाई. आईबापाला जमंना तर चुलता-चुलतीनं बसायची रीतच हाय."

झालं! नवरासुद्धा फितूर. शालनबाईंनी त्याच दिवशी पेटीतलं निळं लुगडं काढून वाऱ्यावर टाकलं. भिंतीवरून ते लुगडं असं फडफडायला लागलं, की दुर्गाबाईंना घास गोड लागेना. एकुलती एक पोर. तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचा तो जिनं नऊ महिने वाहिलं तिनं, की भिंतीपल्याडच्या निळ्या लुगड्यानं?

लग्नाला महिना-सव्वा महिना होता. दुर्गाबाईंनी चपला घातल्या आणि पिंपरीची वाट धरली.

पिंपरीला तेव्हा औषधाचा मोठा कारखाना नुकता उभा राहिला होता, आणि त्या बाजूला नवी वस्ती वाढत होती. तिथं एका नर्सबाईंचा छोटा दवाखाना होता. बाई मंगळूरकडच्या, नाव फिलोमिना. गावानं त्या नावाचं फुलमनबाई करून टाकलं होतं आणि बाईंनाही ते आवडलं होतं. मराठी त्या पुस्तकातून शिकलेल्या. बोलायच्या भरभरून, फक्त शब्दांचे नवरा-बायको बदलून टाकायच्या.

"तुमचा कंबर रुसला आहे," त्या दुर्गाबाईंना तपासून म्हणाल्या. "गुडघी पण रुसली आहे. हाड चांगला आहे. काम बंद केला, म्हणून सगळा आखडला."

"मंग औषीद?"

"औषध नको. रोज सकाळी ताणून द्यायचं. रोज संध्याकाळी ताणून द्यायचं. हात, पाय, कंबर, मान, सगळं छान ताणून द्यायचं."

दुर्गाबाईंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "सकाळी? दिसाढवळ्या?"

"होय! आधी थोडं उन्हात बसा, अंग ऊन करा. मग ताणून द्या. श्वास लांब लांब. घाई नको."

"आन् घरचे काय म्हनले तर?"

"सांगा, बाईंनी सांगितलं! औषध समजा!"

दुर्गाबाईंनी दोन्ही हात जोडले. बाई म्हणावं की देवी! जन्मात कुणी असं औषध सांगितलं नव्हतं. आपल्याकडे ताणून देणं म्हणजे काय, ते कुणाला सांगायला नको. जेवण झालं, सतरंजी टाकली, दिलं ताणून, असं पुरुषांचं चालायचं. बायकांच्या नशिबी ते दुखण्याशिवाय येत नाही. आणि इथं शिकलेली नर्सबाई म्हणते, रोज दोनदा!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्गाबाई अंगणात उन्हाला बसल्या. अंग ऊन झालं. मग घरात गेल्या, बाजेवर आडव्या झाल्या, तोंडावर पदर घेतला आणि ताणून दिलं. श्वास लांब लांब, सांगितल्याबरहुकूम. इतका लांब की ओसरीवरचं मांजर उठून गेलं.

दौलतराव शेतावरून आले तर चूल थंड. "अगं, भाकरी?"

पदराखालून आवाज आला, "हौसाला सांगा. माझं औषीद चालू हाय."

लग्नघर ते! पापड लाटायचे, हळकुंडं दळायची, रुखवताचं सारं पडलेलं, आणि नवरीची आई सकाळी झोपते, संध्याकाळी झोपते. दौलतरावांनी दोन दिवस गप्प सोसलं. तिसऱ्या दिवशी हौसा पापडात गुंतलेली, तेव्हा स्वतः भाकरी थापायला बसले. त्या भाकरीचा आकार पाहून शालनबाई म्हणाल्या, "भावजी, हे तालुक्याचा नकाशा काढलाय का काय?"

"खावा आन् गप ऱ्हावा," दौलतराव म्हणाले. "डाक्तरणीचा हुकूम हाय. न्हाई पाळला तर आनिक आखडंल."

बिचाऱ्या दुर्गाबाईंना लाज वाटत नव्हती असं नाही. आडवं होण्याआधी त्या मोरयाला सांगत, "देवा, मी आळशी न्हाई बरं का. औषीद म्हणून झोपतीय." पण अंग सुटायचं नावच घेईना. उलट आधी जिथं उठवायला दोघं लागत, तिथं आता तिसरा लागायला लागला. निळं लुगडं भिंतीपल्याड घडी होऊन तयार पडलं, आणि शालनबाई नथीला नवा फासा करून घेऊन आल्या. तेव्हा मात्र दुर्गाबाई घाबरल्या. पुन्हा पिंपरी गाठली.

"ताणून देता का?" फुलमनबाईंनी विचारलं.

"रोज देते! तुमी सांगितलं त्याच्यापरीस जास्तच."

"आणि फरक नाही? कसं देता? दाखवा बघू."

आता यात दाखवायचं काय, असं दुर्गाबाईंना वाटलं. पण हुकूम तो हुकूम. दवाखान्यातल्या बाकावर त्या कण्हत-कुथत आडव्या झाल्या, तोंडावर पदर ओढला, आणि बाईंना नीट कळावं म्हणून दोन-चार घोरूनही दाखवलं.

फुलमनबाई वाट बघत उभ्या. आता हात वर जाईल, मग पाय वर जाईल. काही जाईना. घोरणं तेवढं वाढलं, कारण दुर्गाबाईंना सवयीनं खरीच झोप लागली होती.

"दत्तोबा," बाई घाबरून कंपाउंडरला म्हणाल्या, "ही पेशंट काय करते?"

दत्तोबा कंपाउंडर इथलाच, आकुर्डीचा. तो बाटल्यांच्या मागून डोकावला, सगळा प्रकार त्याच्या ध्यानात आला आणि तो जो खाली बसला, तो पोट धरूनच. "बाई... अवो बाई... तुमी तिला ताणून द्यायला सांगितलंत... आमच्याकडं ताणून देणं म्हंजी... झोपणं वो!"

फुलमनबाईंनी आधी कपाळाला हात लावला. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मग त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, आणि डोळे पुसत पुसत इतक्या हसल्या की त्या आवाजानं दुर्गाबाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "जमलं का? बराबर हाय ना?"

त्या दिवशी फुलमनबाईंनी दवाखान्याचं दार लावलं, जमिनीवर चटई टाकली आणि पांढऱ्या साडीचा काष्टा मारून स्वतः करून दाखवलं. आता तोंडानं सांगायची हिंमत त्यांना उरली नव्हती. उभं राहून दोन्ही हात वर, टाचा उचलून, जसं काही आढ्याचं शिंकं काढायचंय. दाराच्या चौकटीला धरून छाती पुढे. मान हळूच इकडे, हळूच तिकडे. उताणं पडून गुडघा पोटाशी. मग खाली बसून पाय पसरायचे आणि कमरेतून पुढे जायचं, मागे यायचं.

"अगं बाई, हे तर दळण!" दुर्गाबाई ओरडल्या.

मग फुलमनबाई हातागुडघ्यांवर आल्या, पाठ वर फुगवली, मग खाली सोडली.

"आन् हे तर आमचं मांजर!"

"होय, मांजर! मांजराचा कंबर कधी रुसत नाही," बाई म्हणाल्या. "हिसका नको. ओढ लागली की तिथं थांबायचं, आणि वीसपर्यंत मोजायचं. दुखलं तर मागे. आणि झोपायचं नाही!"

मोजायचं म्हटलं की दुर्गाबाईंचा घोळ व्हायचा. बारानंतर पंधरा यायचे. त्यांनी घरी येऊन आपली सोय काढली. आकड्यांऐवजी देवांची नावं. मोरयापासून सुरू करायचं, मग खंडोबा, मग म्हसोबा, मग भैरोबा, करत करत वाघजाई-काळूबाईपर्यंत आलं की सोडायचं. ओढ जास्त लागली की नावही जोरात निघायचं. "खंडोबा... गं बाई गं... म्हसोबा... आई आई आई... काळूबाईऽऽ!"

कुडाच्या भिंतीला हे सगळं ऐकू जात होतं.

पलीकडे शालनबाईंच्या हातातलं उलथनं गळून पडलं. सकाळी-संध्याकाळी देवांची नावं, मधेच विव्हळणं, मधेच हुंकार! फटीतून पाहिलं तर आक्का हातागुडघ्यांवर, केस सुटलेले, पाठ वर-खाली. शालनबाईंना घाम फुटला. आक्काच्या अंगात आलं होतं!

खेळ कशाशीही करावा, पण देवीशी कोण खेळणार? त्यांनी पटकन ताटात खण, नारळ, हळदकुंकू घेतलं, शेजारच्या चार बायका हाकारल्या आणि दारात येऊन उभ्या राहिल्या. दुर्गाबाई तेव्हा नेमक्या मांजर झालेल्या. मान खाली, केस तोंडावर. माणसं आली हे कळलं तेव्हा उठायची सोय नव्हती, उठायला अजून वेळ लागायचा.

शालनबाईंनी समोर ताट ठेवलं, कपाळ टेकवलं. "आई, चुकलंमाकलं पोटात घाल. लग्नघर हाय. एकच सांग. कन्यादानाला कोण बसंल?"

आता सांगा, दुर्गाबाईंनी काय करावं? शहाण्या बाईनं केस मागे सारून सांगितलं असतं, की अगं मी व्यायाम करतीय. तोंडापर्यंत ते आलंही होतं. पण त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर निळं लुगडं आलं, आणि घशातून भलताच जाड आवाज बाहेर पडला.

"दुर्गाऽऽच बसंल!"

"आई!" बायकांनी हात जोडले.

"आन्... पापडाचं पीठ... शालन मळंल!"

"मळते आई, मळते!"

दौलतराव दारात येऊन थिजले होते. दुर्गाबाईंना आतून असं हसू फुटत होतं की पाठ गदागदा हलत होती. बायकांना वाटलं, देवी प्रसन्न झाली. हळदकुंकवाचा मळवट भरून, ओटी भरून त्या पाया पडून गेल्या. शालनबाईंनी त्याच दिवशी पीठ मळलं.

हसू ओसरलं तशी दुर्गाबाईंची झोप उडाली. देवाच्या नावानं खोटं बोललो! दिवस उजाडताच त्या मोरयाच्या देवळात गेल्या, नारळ फोडला आणि थेट शालनबाईंच्या चुलीशी येऊन उभ्या राहिल्या.

"शालन, काल देवी न्हवती. मीच होते."

शालनबाईंनी वर पाहिलं. "म्हंजी?"

"म्हंजी मी ताणत होते. अंग. पीठ पन मीच मळाया लावलं."

शालनबाई भाकरी थापायची सोडून उठल्या. मग त्यांनी पिठाचा हात तसाच दुर्गाबाईंच्या गालावर मारला, पांढरी पाची बोटं उमटली. "आख्खी परात मळली की वो मी! खांदं गेलं माझं!" आणि हसत सुटल्या. हसता हसताच त्यांचे डोळे भरले. "आक्का, मला तिन्ही ल्योकच. कन्यादानाचं पुन्य माझ्या पदरी कुठलं? हौसीला मीच तर न्हाऊमाखू घातलं ल्हानपनी. म्हनलं, तुमाला जमत न्हाई तर मला मिळंल."

दुर्गाबाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. त्या निळ्या लुगड्यात त्यांना नुसता तोरा दिसला होता. त्या चुलीशी टेकायला गेल्या, गुडघ्यानं नाही म्हटलं, तेव्हा भिंतीला धरून अर्ध्या वाटेवर थांबल्या.

"पर शालन, बसनार मीच गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझीबी एकच हाय."

शालनबाईंनी नाक ओढलं. अर्ध्यात लटकलेल्या जावेकडे पाहिलं. "अशा? आधी खाली तरी या!" आणि दुर्गाबाईंच्या काखेत हात घातला.

तिथून पुढे शालनबाई म्हणजे फुलमनबाईंच्या वर झाल्या. सकाळ झाली की भिंतीवर थाप. "आक्का, उठा, मांजर व्हायाचं!" पाय पसरले की त्या समोर पाय पसरून बसत, दोघी हातात हात घालून, एक पुढे, एक मागे, मधे जातं नाही एवढंच. जात्यावरची ओवी तोंडात यायची, आणि ओवीत मग काहीच्या बाही घुसायचं, विहिणीचं नाक, दौलतरावांची भाकरी. आळीतल्या बायका अंगात येण्याच्या आशेनं आल्या होत्या, त्या ताणायला बसल्या. कुणाची पाठ, कुणाचा खांदा, प्रत्येकीचं काही ना काही रुसलेलंच होतं. हौसा उंबऱ्यात बसून लोळायची हसून. दौलतराव आडाकडे जाता जाता टोमणा मारायचे, "आलं का अंगात?" आणि सगळ्याजणी एका सुरात हुंकार द्यायच्या.

आणि अंग सुटायला लागलं हो. आधी बाजेवरून पाटाच्या उंच चवडीवर. मग चवड कमी कमी. एका सकाळी दुर्गाबाई मोरयाच्या उंबऱ्याशी गेल्या, हळूच खाली झाल्या, आणि कपाळ दगडाला लागलं. गार दगड. किती दिवसांनी! त्यांनी काही मागितलं नाही. तशाच राहिल्या, मागच्या बाईनं "सरका की वो!" म्हणेपर्यंत.

लग्नाच्या दिवशी मांडव चाकणच्या पाव्हण्यांनी गच्च भरला. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, भटजींनी पाट मांडले. दौलतराव बसले. दुर्गाबाई पाटाशी आल्या तशी आळीतल्या साऱ्या बायकांनी श्वास धरला. शालनबाई निळं लुगडं नेसून बरोबर मागे उभ्या, पदर खोचून, पडल्या तर झेलायला.

दुर्गाबाईंनी एक हात पाटाला लावला, ओठ हलले. मोरया, खंडोबा, म्हसोबा. आणि भैरोबाच्या आत त्या मांडी घालून बसल्या होत्या.

"बसली!" मागून कुणीतरी ओरडलं. विहीण विमलबाई दचकून म्हणाल्या, "अवो, बसली म्हंजी? बसनारच की. त्यात काय?" त्यांना कोण सांगणार!

भटजींनी घाई केली नाही. मंत्रावर मंत्र, मधे फुलं संपली, मधे दर्भ सापडेना. दौलतराव या मांडीवरून त्या मांडीवर होत राहिले, शेवटी त्यांच्या पायाला अशा मुंग्या आल्या की त्यांनी चेहरा वाकडा केला. दुर्गाबाई ताठ. पाण्याची धार सोडायची वेळ आली, तेव्हा त्या कमरेतून पुढे वाकल्या आणि हौसाचा हात चिमाजीच्या हातावर आला. धार अखंड पडली. हौसा बाजूला बघत होती, नाकाचा शेंडा लाल.

"झालं," भटजी म्हणाले. "उठा आता, होमाला जागा करा."

दौलतराव उठायला गेले आणि परत बसले. दोघांनी काखेत धरून त्यांना बाहेर काढलं, ते लंगडत, मांडव हसत.

दुर्गाबाई मात्र उठेनात.

"उठा बाई," भटजी म्हणाले.

नाही. मांडवातलं हसू थांबलं. शालनबाई पुढे झाल्या. त्या खाली वाकून कानाशी कुजबुजल्या, "आक्का, अडकलात का? कंबर का गुडघा?"

"काय बी अडकलं न्हाई गं," दुर्गाबाई म्हणाल्या. त्यांचे दोन्ही हात अजून हौसाच्या हातावर होते, ओले. "उठले की पोरगी त्यांची झाली. आता बसता येतंय तर बसू दे की जरा."

शालनबाईंनी भटजींकडे पाहिलं. "दम धरा वो," त्या म्हणाल्या, आणि निळ्या लुगड्याचा काठ सावरत दौलतरावांच्या मोकळ्या झालेल्या पाटावर, दुर्गाबाईंच्या शेजारी, मांडी घालून बसल्या.